खालच्या वळणावरचे फोटो

१

कॅमेऱ्याचं झाकण उघडं होतं आणि आतली कार्डाची खाच रिकामी होती.

जावई ती खाच पुन्हा पुन्हा सासूसमोर धरत होते, जणू दाखवून दाखवून तिच्यात कार्ड उगवणार होतं.

"दिसलं, जावईबापू, दिसलं," सासू म्हणाली. "रिकामं ते रिकामं. आता काय त्यात दिवा लावू?"

शर्यतीच्या मैदानावर या बाईला सगळे फौजदारीण म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मोटारसायकलींच्या सीटची कव्हरं आणि शर्यतवाल्यांचे जाड अस्तराचे पोशाख शिवायचं तिचं दुकान. शाळा तिने लहानपणीच सोडली. तिला विचाराल तर शाळेनेच तिच्यापुढे हात टेकले. पण साखरेच्या डब्यात कुणी हात घातला हे ती झाकणाकडे बघून सांगायची, आणि तिचा शब्द खोटा पडल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिची धाकटी लेक मोटारसायकलच्या शर्यतीत खालच्या वळणावर पडली होती. तिच्याबरोबर सोनेरी हेल्मेटवाला गडीही पडला होता, ज्याला सगळे सोनेरीच म्हणत. लेकीचं गळ्याजवळचं हाड मोडलं, सोनेरीला खरचटण्यावर भागलं. आणि पंच म्हणत होते, चूक धाकटीची. तिने वळणावर रेषा सोडली आणि ती त्याच्या अंगावर गेली. शिक्षा एका वर्षाची बंदी. मोठ्या संघात तिची निवड नुकतीच झाली होती. वर्षभर बाहेर बसणाऱ्यासाठी जागा राखून ठेवायला तो संघ म्हणजे काही माहेर नव्हे.

"बक्षिसं वाटून होईपर्यंत कुणाकडे फोटो असेल तर आणा," मुख्य पंच म्हणाले होते. "निकाल भोंग्यावर एकदा सांगितला की मग देव आला तरी फिरणार नाही."

आणि फोटो होते ना! जावईच होते ते फोटोवाले. आठवडाभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या नळांची गाऱ्हाणी ऐकायची आणि रविवारी जाळीला लेन्स टेकवून उभं राहायचं. ना कुणी बोलावलेलं, ना कुणी नेमलेलं. नुसती हौस.

"पुन्हा एकदा सांगा," फौजदारीण म्हणाली. "पहिल्यापासून."

"मी जाळीपाशी होतो. धाकटीचेच फोटो काढत होतो. ती पडली तसा कॅमेरा स्टुलावर टाकला आणि फाटकाकडे धावलो. तिच्यापाशी गेलो. परत येऊन बघतो तर हे असं."

"म्हणजे कॅमेरा बेवारशी पडला होता."

"हो."

तिने चष्मा नाकावर सारून जावयांकडे नीट पाहिलं. खालच्या वळणावरची सगळीच माणसं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होती. दोघे पडल्यावर थोड्या वेळाने सोनेरीच्या गाडीतून धूर निघाला, झेंडेवाला आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावला, आणि वाऱ्याने ती सगळी पांढरी पावडर जाळीवरच्या लोकांच्या अंगावर आणून टाकली. जावयांच्या केसांवर, मिशीवर, डाव्या डोळ्यावर पांढरा थर होता. उजवा डोळा आणि नाकाची एक बाजू तेवढी स्वच्छ.

"रडायचं तर माणसानं दोन्ही डोळ्यांनी रडावं," ती म्हणाली. "एका डोळ्याचं रडणं मी आजच बघतेय."

जावयांनी घाईघाईने बाहीने तोंड पुसलं.

भोंगा खरखरला. छोट्या गटाची बक्षिसं सुरू होत होती. मोठ्या गटाची झाली की निकाल.

"या मैदानात चोर आहे," फौजदारीण म्हणाली, "आणि तो अजून बाहेर पडलेला नाही."

२

दवाखान्याच्या तंबूत धाकटी खाटेवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. पोशाखावर लाल माती, पण पांढरा कण एक नाही. ती आतल्या बाजूला पडली होती, आणि वारा तिच्याकडून जाळीकडे वाहत होता.

"दुखतंय?"

"नाही ग आई."

डावी भुवई वर गेली. खोटं बोलताना या पोरीची डावी भुवई वर जायची, पाळण्यात असल्यापासून म्हणा ना. हे घरात एकट्या आईला ठाऊक होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. असली हत्यारं उधार देत नाहीत.

"आता माझ्याकडे बघून सांग. रेषा तू सोडलीस?"

"नाही. तो मागून आला. त्याचं हँडल माझ्या कोपरात घुसलं. मी जागची हलले नाही, आई."

भुवई जागच्या जागी. फौजदारिणीच्या जिवात जीव आला, आणि लगेच पुन्हा गेला. कारण आईला खात्री पटणं वेगळं आणि पंचांना पटणं वेगळं. लेकीच्या भुवईवर कुणी निकाल देत नाही.

"भाऊजींनी काढलेत ना फोटो?" धाकटीने विचारलं. "बिचारे. मी डोळे उघडले तर समोर तेच. सगळ्यांच्या आधी धावत आले."

कार्ड गेल्याचं तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. आईनेही सांगितलं नाही. तिने थोरलीला, म्हणजे जावयांच्या बायकोला, दंडाला धरून तंबूबाहेर आणलं.

"तू तिथंच होतीस. काय बघितलंस?"

"काही नाही. ती पडली आणि मी डोळेच मिटले." थोरलीचा आवाज फुटला. "उघडले तेव्हा सगळीकडे पांढरंच पांढरं. हे शेजारी नव्हते. मला भोवळ आली, तर शेजारी फोटो काढणाऱ्या दातवाल्या डॉक्टरांनी स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. हे परत येईपर्यंत माझ्यापाशीच उभे होते ते, पंख्यासारखी टोपी हलवत."

"डोळे मिटलेस! बहीण पडते आणि ही डोळे मिटते. बरं, आणखी कोण फिरकलं तिकडे?"

थोरलीने नाक पुसलं. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला.

"सोनेरीचा मामा. आमच्या स्टुलांपाशी घुटमळत होता. हे यायच्या आतच निघून गेला."

३

सोनेरीला गाडी शिकवली मामाने, गाडीवर बसवला मामाने, आणि त्याच्या वतीने भांडायचा मक्ताही मामाकडेच. तो गाड्यांच्या शेडमध्ये वाकडं झालेलं हँडल सरळ करत होता. केस काळेभोर, तेल चोपडलेले, त्यांवरही पांढरा कण नाही.

"या, या, फौजदारीणबाई," तो म्हणाला. "बेड्या आणल्यात की विसरलात?"

"तोंडावर म्हणालास, बरं वाटलं. आमच्या स्टुलांपाशी काय हुंगत होतास?"

"तुमच्या जावयाला शोधत होतो."

"का? तुझ्या भाच्याचा फोटो काढून हवा होता, मुंडावळ्या बांधून?"

"हवाच होता!" मामाने पाना खाली आदळला. "त्यात दिसणार आहे ना कोण कुणाच्या अंगावर गेलं ते! माझा पोरगा चुकत नाही. तो फोटो पंचांच्या टेबलावर यावा असं वाटणारा या मैदानात मी पहिला. आणि चोरायचाच असता तर हँडल ठोकत बसलो असतो का इथं? केव्हाच घर गाठलं असतं."

"चोरही असंच बोलतात."

"आणि संशयी बायकाही असंच बोलतात. पोरगा पडला तसा मी जाळीवरून उडी मारून आत गेलो, त्याला उचलून पलीकडे नेला. पट्टी बांधेपर्यंत हललो नाही. मग आलो तुमच्या स्टुलांकडे. तिथं नुसतं स्टूल होतं, बाई. कॅमेरा-बिमेरा काही नव्हतं."

"नव्हतं?"

"स्टूल होतं. रिकामं. आंधळा आहे का मी?"

फौजदारिणीने त्याला निरखून पाहिलं. आपला तो बाब्या, हे खरं. मामाला भाच्याचं काही दिसणार नाही. पण या माणसाच्या नजरेत तिला चोराची नजर सापडेना. भाच्याच्या खरेपणावर त्याचा भाबडा विश्वास होता, आणि फोटोला भिणाऱ्याला असा विश्वास परवडत नाही.

"त्या दातवाल्याकडे जा," मागून मामा ओरडला. "क्लबच्या भिंतीवर दर वर्षी एकच फोटो लागतो. दोन वर्षं तुमच्या जावयाचा लागतोय. त्याच्या पोटात काय दुखतं ते विचारा त्याला!"

भोंग्यावर टाळ्या वाजल्या. छोटा गट संपला होता.

४

दातांचे डॉक्टर खालच्या वळणावर आपल्या लांबलचक लेन्सवरची पावडर मऊ कुंचल्याने झटकत होते, बाळाचं अंग पुसावं तसं. स्वतःचं तोंड पुसायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. सगळा चेहरा पांढरा, आणि डाव्या डोळ्याभोवती एक स्वच्छ गोल.

"चोरलं असेल असं वाटतं ना तुम्हाला?" फौजदारीण काही बोलायच्या आधीच ते म्हणाले. "सगळ्यांना तसंच वाटतंय. मत्सर वाटतो मला त्याचा, कबूल. पण मला त्याच्यासारखा फोटो काढायचाय, त्याचा फोटो पळवायचा नाही."

"छान बोललात. तुमच्या कॅमेऱ्यात काय आहे?"

त्यांनी दाखवलं. पडद्यावर एक निळी गाडी, एकटी. गाडीचा नट न् नट दिसत होता, पण मागची माणसं, जाळी, झाडं, सगळ्यांच्या नुसत्या आडव्या रेघा झाल्या होत्या.

"हे काय? बाकीचं जग कुठं गेलं?"

"गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे गाडी स्पष्ट येते आणि मागचं सगळं पुसलं जातं. मी पहिल्या नंबरची गाडी धरली होती. तुमची मुलगी त्या गाडीच्या मागे कोसळली तेव्हा ती माझ्या जगातच नव्हती." त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं. "मग आवाज झाला, मी वळलो, तर ती जमिनीवर. पडतानाचं माझ्याकडे काही नाही. नंतरचं आहे. धूर वगैरे."

"ती पडली होती आणि तुम्ही धुराचे फोटो काढत होतात?"

"पडलेल्याला उचलायला माणसं असतात, बाई. आम्ही जाळीबाहेरचे, हौशी. आमच्या हातात एवढंच."

"तुमच्या शेजारी आमचे जावई काय करत होते?"

"कॅमेरा डोळ्याला लावला की शेजारी बायको आहे की वाघ, कळत नाही. एक डोळा मिटलेला, एक काचेत."

"बरं, आता तोंड तरी धुऊन घ्या. एका डोळ्यानं मांजरासारखे दिसताय."

डॉक्टरांनी गालाला हात लावून बोटं बघितली आणि ते हसले. "इथं कॅमेरा होता ना! पावडर उडाली तेव्हा मी धूरच टिपत होतो. मी डावखुऱ्या डोळ्याचा. बाकी सगळे उजवा लावतात."

फौजदारिणीचं बोट आपल्या उजव्या डोळ्याकडे गेलं.

तिला खाली बसावंसं वाटलं. जावयांचं स्टूल शेजारीच होतं, सकाळपासून होतं तिथंच, कुणी न हलवलेलं. ती बसायला वाकली आणि अर्ध्यातच थांबली.

स्टुलावर पांढरी पावडर बसली होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत. सारखी, एकसंध, नुकत्याच चाळणीतून पाडल्यासारखी. तिने बोट टेकवलं. बोटाएवढा ठसा लख्ख उमटला.

तो एकच ठसा होता त्या स्टुलावर.

"अगं बाई," ती पुटपुटली. "कुंपणानंच शेत खाल्लं."

५

पाण्याच्या टाकीमागे कुणी नव्हतं. भोंग्यावर मोठ्या गटाची नावं चालू झाली होती.

"जावईबापू, माझं डोकं अडाणी आहे. चुकलं तर सांगा," फौजदारीण म्हणाली, आणि तिला ओळखणाऱ्या कुणालाही कळलं असतं की आता काही खरं नाही. "मी कापड बेततानाचं सांगते. कापडावर कात्री ठेवून खडूची भुकटी सांडली, तर कात्री उचलल्यावर तिच्याखाली कोरी कात्री दिसते. बरोबर?"

"बरोबर."

"तुम्ही म्हणता, ती पडली तसा कॅमेरा स्टुलावर टाकला. पावडर त्यानंतर उडाली. मग स्टुलावर कॅमेऱ्याएवढी जागा कोरी हवी होती. नाहीये. पावडरीनंतर ठेवला असता तर त्याचा ठसा हवा होता. तोही नाहीये. म्हणजे तुमचा कॅमेरा त्या स्टुलावर टेकलाच नाही. जो टेकलाच नाही, तो चोर उघडेल कसा? मामा म्हणाला, स्टूल रिकामं होतं. मला वाटलं, खोटं बोलतोय मेला. खरं बोलत होता."

जावई कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळू लागले.

"मग कॅमेरा होता कुठं? तेही तुम्हीच सांगितलंत मला, आल्या आल्या. तोंडानं नाही, तोंडावरून. सगळा चेहरा पांढरा आणि उजवा डोळा कोरा. मी वेडी, थट्टा करत बसले. ती पडली, गाडीतून धूर निघाला, झेंडेवाला सिलिंडर आणायला गेला, आणून त्यानं तो उडवला. एवढं सगळं होईस्तोवर कॅमेरा तुमच्या डोळ्याला होता. धावलात तुम्ही, पण नंतर."

"आई..."

"आतला खिसा," ती म्हणाली. "डाव्या काखेतला. ते जाकीट मी शिवलंय. तो चोरखिसा तुम्हाला आणि मला सोडून कुणाला ठाऊक नाही. काढा."

जावयांचा हात काखेत गेला. नखाएवढं कार्ड त्यांनी तळव्यावर धरलं.

"फेकून द्यायचं होतं," ते म्हणाले. "हात होईना."

"तिचं वर्ष जातंय! तिला बंदी होतेय आणि तुम्ही हे काखेत घालून माझ्याबरोबर चोर शोधताय! का?"

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाकडे तरी फोटो असेल. डॉक्टरांकडे. कुणाकडे तरी. इतके कॅमेरे होते." ते टाकीला टेकले. "ती पडली ते आलंय यात. तो मागून आला तेही आलंय. पण मी थांबलो नाही हो. बोट उचललंच नाही. ती मातीत पडली होती, तिनं माझ्याकडे बघून हात वर केला. मला बोलावत होती. आणि मी काय बघत होतो माहितेय? फोटोत हात नीट बसतोय की नाही ते. तोंडावर पावडर आली तेव्हा भानावर आलो. मी पोचलो तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. मग तिनं ते उघडले आणि सगळ्यांना सांगत सुटली, भाऊजी पहिले आले. आता हे तिनं बघायचं? हिनं बघायचं?"

फौजदारिणीच्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. त्यातलं निम्मं तिने गिळलं, आणि तेवढं तिने आयुष्यात कधी गिळलं नव्हतं.

"शेवटचे तेवढे पुसता येतात ना?"

"येतात. पण पंचांना सलग लागतात. प्रत्येक फोटोला आकडा असतो, आणि पुसलेला फोटो कार्डातून परत वर काढता येतो. मधला-शेवटचा एक जरी गाळला, तरी मामा म्हणणार, जुळवून आणलेत. आणि त्याचं बरोबर असेल."

भोंग्यावर तिसरा नंबर झाला. दुसरा झाला.

"मग?" सासू म्हणाली. "मी अडाणी बाई, मला त्या यंत्रात घालता येत नाही ते."

जावयांनी कार्ड मुठीत धरलं आणि ते धावत सुटले. या वेळी लगेच.

६

पंचांच्या खोलीत पडदा लहान होता आणि माणसं फार. धाकटी तंबूतून उठून आली होती. "झोप" म्हटल्यावर झोपणाऱ्यातली ती नव्हतीच. तिच्यामागे थोरली. मामा छाती काढून पुढे.

फोटो एकामागून एक सरकले. धाकटीची गाडी वळणावर कलली, तिचं चाक पांढऱ्या रेषेला चिकटून. पुढच्यात मागून सोनेरी हेल्मेट आलं. पुढच्यात त्याचं हँडल तिच्या कोपराला भिडलं, आणि तिचं चाक अजून रेषेवरच होतं. मुख्य पंचांनी तेवढा फोटो पुन्हा पाहिला, मग मामाकडे पाहिलं.

मामाची छाती हळूहळू खाली गेली. "त्याला दिसली नसेल ती," तो म्हणाला, पण आता भांडणासाठी नाही.

"बंदी रद्द," मुख्य पंच म्हणाले. "निकाल बदलतो." पण सवयीने त्यांचं बोट बटणावर चालतच राहिलं.

धाकटी मातीत. धाकटी मातीत, थोडी मोठी, कारण कुणीतरी लेन्स जवळ ओढली होती. मग तिने मान वळवली. हात वर केला, बोटं पसरलेली, डोळे सरळ जाळीकडे. तोच हात पुन्हा. पुन्हा. फोटो फार सुरेख होता, आणि म्हणूनच खोलीत कुणाला बघवेना.

थोरलीने नवऱ्याकडे मान वळवली. जावई उभ्या उभ्या मेले होते. फक्त पडायचे बाकी होते.

"ताई, अशी काय बघतेस त्यांच्याकडे?" धाकटी म्हणाली. "मीच सांगत होते भाऊजींना, काढत राहा, थांबू नका. पुढे फोटो लागणार, हे मला तिथंच कळलं होतं. नाहीतर आज काय झालं असतं?"

"खरंच?" थोरलीने विचारलं.

"खरंच म्हणजे! विचार आईला, मी कधी खोटं बोलते का?"

सगळे आईकडे वळले. खिडकीतून येणारं उतरतीचं ऊन धाकटीच्या तोंडावर पडलं होतं आणि तिची डावी भुवई कपाळात पार वर चढून बसली होती.

फौजदारिणीने चष्मा काढला. त्यावरची धूळ ती पुसू लागली, सावकाश, आधी एक काच, मग दुसरी. चष्म्याशिवाय तिला हातभरापलीकडचं काही दिसत नसे.

"माझी पोर खोटं बोलत नाही," ती म्हणाली.